तुम्ही विचारलंत म्हणून: "दादा, फ्लेमिंगो आलेत का?"

डिसेंबर लागला की शुक्रवार संध्याकाळपासून माझा फोन सुरू होतो. नाशिक, पुणे, ठाणे, कुठूनही असो, प्रश्न एकच. "दादा, फ्लेमिंगो आलेत का? आले असतील तरच निघतो." निफाडजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात मी गाइडचं काम करतो, घरची द्राक्षबाग भाऊ बघतो आणि सीझनभर मी दुर्बीण गळ्यात घालून फिरतो म्हणून त्याची बोलणीही खातो. फोनवर काहीतरी अर्धवट सांगून वेळ मारून नेतो, पण आज नीट सांगतो.

मला माहीत नसतं. काल संध्याकाळी होते एवढंच सांगता येतं, कारण उद्या सकाळी पाणी किती असेल ते माझ्या हातात नाही आणि अभयारण्याच्या माणसांच्याही नाही.

आधी जागा समजून घ्या. बरेच जण तळं समजून येतात. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे शंभरेक वर्षांपूर्वी, इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, कालव्यांनी खाली कोपरगावकडच्या शेतीला पाणी न्यायला. पक्षी कुणाच्या डोक्यातही नव्हते. मग दोन्ही नद्यांनी वर्षानुवर्षं गाळ आणून टाकला, बंधाऱ्यामागे खोल पाणी राहिलंच नाही, बेटं झाली, दलदल झाली, पाणकणीस माजलं. इंजिनिअरच्या वहीत हे नुकसान, बदकांसाठी मात्र ताट वाढलेलं. 1986 ला अभयारण्य झालं, 2019 ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव लागलं, महाराष्ट्रातलं पहिलंच. आता सगळे त्याला, राजस्थानातल्या त्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून, राज्याचं भरतपूर म्हणतात, म्हणोत.

उथळ म्हणजे किती उथळ ते तलवार बदकाला विचारा. ते डुबकी मारत नाही, शेपूट आभाळाकडे करून डोकं खाली घालतं आणि मान पोचेल तिथलंच खातं. म्हणजे पाणी दीडेक वीत असेल तर जेवण, त्याच्यावर गेलं की उपास. चक्रांग त्याहून छोटं, त्याला वीतभर पुरे. शेकाट्याला त्याच्या लाल काड्यांसारख्या पायांएवढं, तुतवारीला तर नुसती ओल चालते. रोहित, म्हणजे तुमचा फ्लेमिंगो, चोच उलटी धरून चिखलाचं पाणी गाळून खातो, त्याचा जीव त्या उथळ चिखलाच्या पट्ट्यात. आणि वरून दारणा-गंगापूर धरणांचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी सोडलेलं पाणी, सुटलं की ते इथूनच जाणार, एका रात्रीत पाणी हातभर चढलं की सगळी पंगत उठते. तक्रार नाही हां, बंधारा त्यासाठीच बांधलाय, लोकांची पिकं त्याच पाण्यावर आहेत.

मग लोक विचारतात गाळ काढून टाकत का नाहीत. आमच्याकडे हा चेष्टेचा विषय नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये सायखेडा-चांदोरीत पाणी शिरलं तेव्हा माझ्या मावशीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, तिच्यासमोर मी "गाळ राहू दे, बदकं येतात" असं म्हणून दाखवू? माझं आपलं मत असं की नदीचा मधला प्रवाह मोकळा करा, पाणवेली काढा (त्या पसरल्या की खालचं पाणी मरतं आणि बदकालाही उतरायला जागा राहत नाही), पण कडेची उथळ थडी आणि बेटं खरवडू नका. मावशीला हे अर्धंच पटलंय.

आता माझी एक फजिती. मागे एका शनिवारी पाणी मस्त उतरलेलं, अकरा रोहित मी स्वतः मोजले आणि जोशात एका पार्टीला फोनवर सांगून बसलो, या, गॅरंटी. ते पहाटे साडेतीनला पुण्यावरून निघाले. सकाळी टॉवरवर चढलो, धुकं विरलं आणि बघतो तर चिखलाचा पट्टाच गायब, नुसतं पाणी, रोहित एकही नाही. त्यांच्यातले एक काका जे तापले! वर म्हणतात, "ती बदकं लांब बसलीयेत ना, ती तरी उडवून दाखवा, फोटोपुरती." हे मात्र मी कुणासाठी करत नाही. हिमालय ओलांडून आलेल्या पाखराने पोट भरायचं का तुमच्या रीलसाठी पंख हलवायचे? एवढं तोंडावर बोललो नाही, मनात बोललो.

त्यांच्याबरोबर आजी होत्या, नऊवारीवर स्वेटर, कानाला मफलर, निफाडची थंडी तुम्हाला माहीतच आहे. त्यांना स्कोपला, म्हणजे तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीला, डोळा लावून दिला. समोर जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्याचा कोंब एका पायात मुठीसारखा धरून, ऊस सोलावा तशी सोलून खात होती. आजी हसायलाच लागल्या, "अगं बाई, हाताने खातीये!" मग स्कोप जरा सरकवला तर काळे पक्षी, कपाळावर पांढरा ठिपका, शे-दीडशेचा घोळका एकाच दिशेने चाललेला. मी नाव सांगायच्या आत आजी म्हणाल्या, "हे तर वारीला निघाल्यासारखे दिसतायत, गोपीचंदन लावून."

म्हटलं आजी, त्यांचं नावच वारकरी आहे.

काका तोवर गाडीत जाऊन बसले होते. आजी येईनात म्हणून त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला, मग मीच खाली जाऊन सांगितलं की इथे हॉर्न वाजवू नका, दहा मिनिटं थांबा, आजी अजून मोजतायत.