नाळ जवाहर द्वीपावर, वाट गेटवेची

छोट्या शिडाच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोहोचवण्याचे काम मी करतो. एका जानेवारीत मांडव्याहून गेटवेला सात मीटरची बोट आणायची होती, सोबतीला फक्त बोटमालकाचा भाचा. तिथी वद्य द्वितीया. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, म्हणजे दीडची भरती. तिच्या जोरावर बाराला निघायचे ठरले होते. पण यंत्र चालू झालेच नाही आणि निव्वळ शिडावर निघेपर्यंत तीन वाजले. ओहोटीच्या तिसऱ्या-चौथ्या तासाला पाणी सर्वांत जोरात धावते, त्यात उधाणाचे दिवस.

अर्ध्या तासात मुलाला बोट लागली आणि सगळे काम माझ्या एकट्यावर आले. धक्क्यावरच शीड आखडून बांधले होते, त्याचा आता उपयोग झाला. सुकाणूच्या दांड्याला दोरीचा फास घालून मी हात मोकळे केले आणि हातातल्या होकायंत्रातून गेटवेशेजारच्या ताज हॉटेलच्या घुमटाचा उत्तरेपासूनचा कोन घेतला: 340 अंश.

वारा वायव्येचा होता. नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, गेटवेच्या बरीच उजवीकडे, बंदरातल्या जवाहर द्वीपाच्या दिशेने होती. मुलगा कण्हत म्हणाला, "काका, आपण भलतीकडे चाललोय. शहराकडे वळवा ना." डोळ्यांना तसेच दिसत होते. पण पश्चिमेकडे वळलो असतो तर ओहोटीने आम्हाला कुलाब्याच्या टोकापलीकडच्या प्रॉन्ग्स खडकाकडे ओढले असते. तिथले दीपगृह 1875 सालापासून त्याच खडकासाठी उभे आहे. नाळ कुठे आहे यापेक्षा बोट प्रत्यक्षात कुठे सरकते आहे हे महत्त्वाचे, आणि घुमटाचा कोन बदलत नसेल तर बोट घुमटाकडेच जात असते. पंधरा मिनिटांनी पुन्हा 340. ओल्या नकाशावर पेन्सिलीची रेघ आधीच्या रेघेवरच पडली, तेव्हा छातीतली धडधड खरोखर कमी झाली.

सव्वाचारला कोन 345 झाला. ओहोटी आम्हाला पश्चिमेकडे नेत होती. मन वळायला सांगत असतानाही मी शीड सैल सोडून नाळ आणखी उजवीकडे, शहरापासून दूर नेली. पुढच्या दोन नोंदी 345च्याच राहिल्या, आणि पाचनंतर पाण्याचा जोर ओसरू लागला तसा कोन खाली येऊ लागला.

तोपर्यंत मुलगा उठून बसला होता. मी होकायंत्र त्याच्या हाती दिले. दोन्ही कोपरे गुडघ्यांवर टेकवून त्याने बराच वेळ घुमटावर नेम धरला. "काका, 341," तो म्हणाला, आणि मी ते नकाशाच्या कडेला लिहून घेतले.