तुम्ही विचारलंत म्हणून : मधुमेहाची डॉक्टर बाळं का मोजते?

"तुम्ही मधुमेहाच्या डॉक्टर ना? मग दवाखाना सोडून खेड्यापाड्यांत बाळंतिणींच्या घरी कशाला फिरता?" लग्नकार्यात भेटलेले नातेवाईक हे विचारतात, एसटीत शेजारी बसलेल्या बायका विचारतात. नीट उत्तर द्यायला वेळ लागतो, म्हणून आज लिहूनच काढते.

रेसिडेंट असताना ओपीडीत एक हमाल आले होते. वय पस्तीसच्या आसपास, हातपाय काटकुळे, पोट जरासं पुढे. उपाशीपोटीची साखर दोनशेच्या वर. आम्ही शिकलेला टाइप टू मधुमेहाचा पेशंट उतारवयातला आणि लठ्ठ. हे तर दिवसभर पोती वाहणारे. "डॉक्टर, गोड खात नाही, बसून राहत नाही. मला कसा झाला?" मी गोळ्या लिहून दिल्या. उत्तर देता आलं नाही, ते मनाला फार लागलं.

त्या उत्तराचा धागा पुण्यातच सापडला. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांच्या नोंदी ठेवत होते, त्याही दिवस जाण्याआधीपासून. या आयांचं सरासरी वजन जेमतेम ४२ किलो. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. पण आपली बाळं सगळीकडून सारखी लहान नव्हती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकलेली. आणखी एका तुलनेत पुण्यातल्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात इन्सुलिन, म्हणजे साखर आवरणारं संप्रेरक, लंडनच्या बाळांपेक्षा जास्त आढळलं. म्हणजे त्या हमालदादांच्या आजाराची तयारी त्यांनी पहिलं पोतं उचलण्याच्या कितीतरी आधी, आईच्या पोटातच सुरू झालेली असू शकते.

२००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी एकच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. "मी बारीक आहे, मला काय होतंय" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे आकडे सांगते.

मी त्या टीममध्ये नव्हते. पण आमच्या कामातली मापं त्याच धर्तीवर घेतो. बाळाला आईच्या मांडीवर पालथं घालायचं, खांद्याच्या फऱ्याखालची कातडी दोन बोटांत हलकेच उचलायची, तिला कॅलिपरचा चिमटा लावायचा आणि काटा स्थिरावला की आकडा मोठ्याने सांगायचा. असं तीनदा. हात गार असले तर बाळ दचकतं, म्हणून आधी तळवे चोळून घ्यायचे. एक मिलिमीटरही इथे मोठा असतो.

खरं अवघड काम त्याआधीचं. "जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, बाळंतपण जड जाईल" या भीतीने सुना निम्म्या भाकरीवर उठतात आणि सातव्या महिन्यातही खुरपायला जातात. नुसतं त्यांचं वजन बघूनही भागत नाही. त्या सहा गावांतल्या साधारण दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ हे मांस-दुधातून मिळणारं जीवनसत्त्व कमी होतं. मांसाहार क्वचित, आणि दूध डेअरीला जातं. आईचं बी-१२ कमी आणि फोलेट हे दुसरं बी जीवनसत्त्व जास्त, अशांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद मिळत होती. म्हणून ती मुलं वयात आल्यावर, २०१२पासून, त्यांतल्या काहींना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो हे बघणं सुरू झालं. आईच्या पोटापासून तिच्या नातवंडापर्यंत. हे काम ओपीडीत बसून होत नाही आणि तीन वर्षांच्या अनुदानातही मावत नाही. तीन वर्षांत निकाल मागणारी ही घाई मला मनापासून खटकते.

एका घरी आजींनी आम्हाला उंबऱ्यावरच अडवलं होतं. "तान्ह्याचं वजन करू नये, दृष्ट लागते." मी बसले, चहा घेतला, माप न घेता परत आले. चौथ्या दिवशी पुन्हा गेले, तेव्हा त्यांनीच नातीच्या तळपायाला काजळ लावून तिला सुनेच्या मांडीवर दिलं. वर्षाची झाल्यावर पुन्हा माप घ्यायला गेले. पोरगी रडायला लागली, म्हणून मी दोनदा मोजून चिमटा पिशवीत ठेवायला लागले.

"ताई," आजी म्हणाल्या, "तिसरं राहिलं."