मूळ खोक्यासकट

दुपारी घरात सामसूम असताना संगणकातून टक् असा आवाज आला. जरा थांबून पुन्हा टक्, टक्. हार्ड डिस्कचा हा आवाज ज्याने एकदा ऐकलाय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. आतलं, मजकूर वाचणारं हेड आपली जागा शोधतं, सापडत नाही म्हणून मागे येतं, पुन्हा शोधायला जातं. संध्याकाळपर्यंत संगणकाने तिला ओळख देणंच बंद केलं.

खोटं कशाला बोला, आधी बरंच वाटलं. वॉरंटी शिल्लक होती ना! एरवी वस्तू कशा, मुदत संपायची वाट बघून मगच बिघडतात. ही बिचारी मुदतीत गेली. कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकला (तो नेमका अशा बाजूला छापतात की सगळे स्क्रू काढल्याशिवाय दिसत नाही) आणि हिरव्या अक्षरांत होकार आला.

शिवाय खोका होता. आमच्याकडे खोके टाकत नाहीत. हे बाबांचं. नवी वस्तू आली की ते वस्तूआधी खोका निरखायचे. चिकटपट्टी ब्लेडने कापायची नाही, नखाने सोडवायची. थर्माकोलच्या तुकड्यांवर पेनने ‘डावा’, ‘उजवा’ लिहायचं. वॉरंटी कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तळाशी. लहानपणी मी एकदा पंख्याच्या खोक्याचं घर केलं आणि त्याला छानपैकी खिडकी कापली. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. कापलेला चौकोन पलंगाखालून शोधून आणला आणि चारी बाजूंनी पट्टी लावून परत बसवला. पंखा कधीच भंगारात गेला, खोका माळ्यावर आहे. त्यातला एकही खोका कधी काही परत करायच्या कामी आला नव्हता. या खोक्याचं भाग्य उजळलं होतं.

डिस्क तिच्या त्या काळपट चंदेरी, स्थिर विजेपासून जपणाऱ्या पिशवीत घातली. बोटातून ठिणगी उडाल्याचं आपल्याला जाणवतं तेव्हा ती काही हजार व्होल्टची असते. सुटे भाग त्याहून कितीतरी कमी, आपल्याला कळतही नाही एवढ्या धक्क्याने मरू शकतात. आधीच मेलेल्या डिस्कला हे कशाला, असं मनात आलं. पण वॉरंटीच्या अर्जात तसं लिहिलंय, आणि पिशवी नसली तर नाकारायला त्यांना निमित्त नको.

अर्जात बिघाडाचे प्रकार निवडायचे होते. ‘आवाज करते’ होतं, सुटलो. ज्यांची रॅम, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची पट्टी, बिघडते त्यांचे हाल विचारू नका. घरी संगणक कधीही बंद पडतो, आणि काउंटरवर तीच पट्टी सगळ्या चाचण्या पास होते. ‘फॉल्ट दिसत नाही’ म्हणतात, आणि म्हणताना बघतात आपल्याकडे. आपलीच वस्तू चारचौघांत बंद पडावी म्हणून माणूस मनोमन देव पाण्यात घालतो.

पहिली हार्ड डिस्क 1956 सालची, आयबीएमची. 24 इंची 50 तबकड्या, कपाटाएवढं धूड, आणि ते भाड्याने द्यायचे. ज्याचं यंत्र, दुरुस्तीही त्याचीच. आता आपण मालक झालो आणि परत पाठवायचं कामही आपल्यावर आलं.

अर्जाच्या शेवटी एक चौकोन होता. डिस्कमधल्या मजकुराची जबाबदारी कंपनीची नाही, मान्य असल्यास टिक करा. इथे हात थांबला.

बॅकअप आहे, प्रश्न तो नाही. मजकूर डिस्कवर आहे, आणि ती बंद असल्यामुळे मला तो पुसता येत नाही. भोक पाडलं, उघडली, की वॉरंटी गेली. पाठवली, की बदली येईल ती बहुधा दुसऱ्या कुणाची दुरुस्त केलेली, आणि माझी कुणाच्या तरी टेबलावर जाईल. तिथे दुरुस्त झाली, तर त्यात आईचे रिपोर्ट आहेत, सगळ्यांच्या सह्यांचे स्कॅन आहेत, कधीच न पाठवलेली दोन-चार पत्रं आहेत. मोठ्या कचेऱ्या म्हणे बंद पडलेली डिस्क स्वतःकडेच ठेवता यावी म्हणून वेगळे पैसे मोजतात. ऐकलं होतं तेव्हा हसू आलं होतं.

नवी डिस्क विकत आणली. जुनी अजून वॉरंटीत आहे.