ब्रेकचा आवाज
ताम्हिणी घाट उतरताना पुढच्या डाव्या चाकातून येणारी किरकिर पावसामुळे ब्रेकच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, धरलेल्या गंजाची असावी, असे मला वाटले होते. परंतु तसा गंज चार-दोनदा ब्रेक दाबताच निघून जातो आणि हा आवाज तर पुण्यात पोहोचेपर्यंत थांबला नाही. आज गॅरेजमध्ये चाक उतरवल्यावर आतला ब्रेक पॅड जेमतेम २ मिलिमीटर उरलेला दिसला, बाहेरचा मात्र चांगला जाड होता. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनवर सरकतो, ती गंजून अडकल्यामुळे ब्रेक सोडल्यावरही आतला पॅड डिस्कला घासत राहत होता. मेकॅनिककाकांनी पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावले आणि पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड बदलले, कारण एकाच बाजूचे बदलल्यास ब्रेक लावताना गाडी एकीकडे ओढू शकते. त्या उतारावर मागच्या सीटवर मुले झोपली होती.