दशांशचिन्हात अडकलेले कापड : जिओटेक्स्टाइलच्या चाचणी अहवालाचा माझा अनुभव

नाशिकपासून समुद्र दूर, त्यामुळे अंबडच्या आमच्या गोदामात रोल उतरवणाऱ्यांना हे कापड लाटांखाली जाणार आहे असे सांगितले, की ते हसतात. कोकणातील एका दगडी ब्रेकवॉटरच्या, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाच्या, तळाशी अंथरण्यासाठी आम्हाला पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकचे नॉनवोव्हन (न विणलेले) जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण वाळू अडवणारे कापड, पुरवायचे होते. निविदा, दर, अनामत रक्कम हे सारे सुरळीत पार पडले. उन्हाच्या माऱ्याची चाचणी 500 तासांची, म्हणजे जवळजवळ 21 दिवसांची. तीही मी निमूटपणे सोसली.

अडले ते अहवालाच्या मंजुरीत. प्रयोगशाळेने छिद्रमाप, म्हणजे कापडातील छिद्रांचा आकार, 0.15 मिमी लिहिले होते आणि मंजुरी देणाऱ्या कार्यालयाच्या तक्त्यातील रकाना मायक्रॉनचा होता. 0.15 मिमी म्हणजेच 150 मायक्रॉन, हे मी टेबलावर कागद घेऊन मांडून दाखवले. ‘साहेब, ते आम्हालाही कळतं, पण आकडा आम्ही बदलायचा नसतो,’ असे उत्तर मिळाले. प्रयोगशाळा म्हणाली की, एकक बदलायचे तर सुधारित अहवाल काढावा लागेल आणि त्यावर सही करणारे अधिकारी रजेवर आहेत. सुधारित अहवाल आला, तेव्हा त्यावरची तारीख मूळ अहवालाच्या तारखेशी जुळत नाही म्हणून फाइल पुन्हा परत आली. कसारा घाट उतरून मी चार वेळा गेलो आणि यात 19 दिवस गेले. पावसाळा तोंडावर असताना समुद्रकिनाऱ्यावरच्या कामात 19 दिवस म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. शेवटी हाती आलेल्या मंजुरीपत्रात छिद्रमाप 0.15 मिमी असेच छापलेले होते.

मला राग याचा आला, की त्या आकड्याचा अर्थ कोणीही विचारला नाही. छिद्रे मोठी असतील, तर परतणाऱ्या प्रत्येक लाटेबरोबर खालची वाळू दगडांच्या फटींतून निघून जाते आणि वरचे दगड खचतात. फार बारीक असतील किंवा गाळाने बुजली, तर पाण्याला वाट मिळत नाही आणि कापडाखाली दाब साठतो. हे माप कसे काढतात, ते मी प्रयोगशाळेत उभे राहून पाहिले होते. चाळणीवर ताणलेल्या कापडावर ठरावीक जाडीचे काचेचे बारीक मणी टाकून ती 10 मिनिटे हलवतात आणि खाली पडलेले मणी तोलतात. ज्या जाडीचे 5 टक्के किंवा त्याहून कमी मणी आरपार जातात, ती जाडी म्हणजे छिद्रमाप. घर्षणाच्या विजेमुळे मणी कापडाला चिकटू नयेत, याचीही तिथे काळजी घेतात. एवढ्या निगुतीने काढलेला आकडा पुढे केवळ एककासाठी लोळत पडला.

म्हणून नमुना पाठवण्यापूर्वीच मंजुरी देणाऱ्या कार्यालयाचा तक्ता मागून घ्यावा आणि त्याच एककांत अहवाल हवा, असे प्रयोगशाळेला लेखी कळवावे. नमुना रोलच्या बाहेरच्या वेढ्यांतून घेऊ नये. तिथे कापड मळलेले, दबलेले असते. लांबीची दिशा बाणाने दाखवावी, ती आम्ही पहिल्यांदा विसरलो होतो. रोल काळ्या प्लॅस्टिकमध्ये झाकूनच ठेवावेत, कारण उन्हाने हे कापड कमजोर होते. आणि जागेवर पोचल्यावर कापडावर आधी लहान दगडांचा थर पडतो आहे ना, हे स्वतः पाहावे; मोठा दगड उंचावरून थेट पडला, तर कापड फाटते आणि मग त्या छिद्राचे माप मायक्रॉनमध्ये राहत नाही.