इनटेक-आउटपुट

परवा दुपारी घराची कागदपत्रं शोधत होते. ती मिळाली नाहीतच. फायलींच्या खालून लेकाची जुनी गणिताची वही निघाली. पुढून त्रैराशिकं आणि मागून, वही उलटी धरून, माझं आजारपण.

मधलंच पान उघडलं. पहिली ओळ : ‘आउटपुट ३५०. रंग ठीक.’

म्हणजे माझ्या लघवीच्या रंगावर घरातली चार मोठी माणसं रोज गंभीरपणे बोलत होती. घराला रंग काढला तेव्हासुद्धा रंगावर इतकी चर्चा झाली नव्हती.

न्यूमोनिया झाला होता. दोन्ही फुप्फुसांत. अकरा दिवस आयसीयू, त्यातले सहा व्हेंटिलेटरवर, मग तेरा दिवस वॉर्ड. हे मी कुणी विचारलं की धडाधड सांगते, पण सगळं ऐकीव आहे. झोपेचं औषध चालू होतं, त्यामुळे त्या सहा दिवसांत जे घडलं ते मला आठवत नाही आणि जे आठवतं ते घडलेलं नाही. छतातून मुंग्यांची रांग उतरत होती आणि प्रत्येकीच्या तोंडात एकेक पावती होती, हे मात्र मी आजही शपथेवर सांगेन.

डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनमधल्या कित्येक आयसीयूंत म्हणे पेशंटची डायरी लिहितात. सिस्टर लिहितात, नातेवाईक लिहितात. पुढे शुद्धीवर आलेल्या माणसाला आपले हरवलेले दिवस वाचायला मिळावेत म्हणून. आमच्याकडे कुणाला याचा पत्ताही नव्हता. राउंडला आलेले डॉक्टर भराभर बोलून निघून जातात, त्यातलं निम्मं बाहेर येईपर्यंत विसरायला होतं, म्हणून ही वही. लेकाच्या दप्तरात तीच हाताला लागली असणार.

चार अक्षरं आहेत तिच्यात. नवऱ्याचं बारीक, कागद वाचवायचा असल्यासारखं. ताईचं मोठं, तिरकं आणि ओळीगणिक उद्गारचिन्ह : ‘आज डोळे उघडले!! मला ओळखलं!!!’ (ओळखलं नव्हतं. मी तिला पावत्या मोजायला सांगत होते.) लेकानं बाण काढून तक्ते केलेत. दिरांची सगळी हयात सरकारी कचेरीत गेली, तेव्हा त्यांची नोंद अशी : ‘रुग्णास रात्रौ १०.१५ वाजता घाम आला. सिस्टरना तात्काळ कळविले. पुढील कार्यवाही त्यांनी केली.’ खाली सही. तारखेसकट.

वॉर्डात आल्यावर मी काय करायचे, तर सलाइनचे थेंब मोजायचे. साध्या सेटमधून वीस थेंब म्हणजे एक मिली. पाचशेच्या बाटलीत दहा हजार. मी जेमतेम तीनशेपर्यंत पोचले की कुणीतरी वाकून विचारायचं, “कसं वाटतंय?” की पुन्हा एकपासून. मोजत असणाऱ्या माणसाला प्रश्न विचारू नये, एवढं साधं कुणाला कळू नये?

मोजणं हे आईकडून आलंय. लहानपणी ताप आला की ती पाऱ्याचा थर्मामीटर झटकून जिभेखाली ठेवायची आणि एकशेवीसपर्यंत मोजायची. तोंड बंद, बोलायचं नाही. मग उजेडाकडे धरून, फिरवत फिरवत ती चकाकणारी रेघ शोधायची. आकडा सापडला की थर्मामीटर डबीत आणि लगेच हाताची पालथी बाजू माझ्या कपाळावर. पाऱ्यावर तिचा पुरता विश्वास कधी बसलाच नाही. एकदा झटकताना तो फुटला, आणि फरशीवर चंदेरी गोळ्या पळायला लागल्या. मी ताप विसरून त्यांच्यामागे रांगत होते. बोटानं ढकललं की दोन गोळ्यांची एक व्हायची. आता कळतं की ते विष होतं. पण आजारपणात इतकी मजा परत कधी आली नाही.

ताईही वॉर्डात तेच करायची. डोक्याशी मॉनिटर, बोटाला चिमटा, आकडे लखलखतायत, आणि ही पालथा हात कपाळाला लावून म्हणायची, “नाहीये.”

फुप्फुसांसाठी तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं खेळणं दिलं होतं. वर ६००, ९००, १२०० असे आकडे. नळीतून श्वास आत ओढायचा आणि गोळ्या वर उचलायच्या. पहिली गोळी जागची हलली तेव्हा ताईनं टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्या बेडवरच्या आजीबाई दचकून उठल्या. तिसरी मला घरी येईपर्यंत उचलता आली नाही. ताईनं करून बघितलं, तिलाही दोनच जमल्या. तेव्हापासून ती मला “दम लागतो का गं?” असं विचारत नाही.

हात तर कंगवासुद्धा उचलत नव्हते. इतके दिवस पडून राहिल्यानं केसांचा मागे एक गोळाच झाला होता. सिस्टर म्हणाल्या, कापून टाकू, पुन्हा येतात केस. नवरा काही बोलला नाही. दुपारी सगळे गेल्यावर त्यानं मला कुशीवर वळवलं, स्टूल ओढून मागे बसला आणि कंगव्याच्या शेपटीनं तो गुंता सोडवायला लागला. टोकाकडून. वरून ओढलं की दुखतं, गुंता खालून सोडवायचा असतो, हे या माणसाला कुणी शिकवलं? तासभर तरी गेला. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त नाकानं श्वास घेतल्याचा आवाज. शेवटी भांग पाडला तो चुकीच्या बाजूला. मी काही म्हटलं नाही. डिस्चार्जपर्यंत मी तसाच ठेवला.

तर वही. पहिल्या आठवड्यातल्या एका पानावर त्याच्या बारीक अक्षरात लिहिलंय : ‘रात्री ३.१० – आत बोलावलं.’ पुढे काही नाही. त्याखाली पाच-सहा ओळी कोऱ्या सोडलेल्या, आणि मग, ‘सकाळी ६.४० – स्थिर.’

संध्याकाळी तो आल्यावर पान पुढे धरलं. “इथे काय झालं होतं रे?”

त्यानं चष्मा वर करून पाहिलं. “काही नाही. पेन चालत नव्हतं.”

वहीच्या पाठीला ते पेन अजून खोचलेलं आहे. तो आत गेल्यावर मी लेकाच्या त्रैराशिकाशेजारी रेघ ओढून पाहिली. चालतं.