ज्वारीचं बियाणं, इथेनॉलचं एक वाक्य आणि न बदलता येणारा करार

परदेशी प्रयोगशाळेने आमच्या जनुकपेढीकडे, म्हणजे पिकांच्या बियाण्यांचे नमुने जपणाऱ्या संस्थेकडे, बियाणं मागितलं की एरवी काम कंटाळवाणंच असतं. यादी पडताळायची, करार पाठवायचा, पाकिटं भरायची. या वेळी युरोपातल्या एका विद्यापीठाची मागणी होती, दुष्काळात मुळं कशी वाढतात यावरच्या अभ्यासासाठी. ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, तुरीचे दोन रानटी भाऊबंद, भुईमूग आणि सोयाबीन. शेवटी विचारणा: सगळं एकाच एसएमटीएवर पाठवता येईल ना?

नाही येत. एसएमटीए, म्हणजे जननद्रव्य (बियाण्यासारखं पुढच्या पैदाशीला लागणारं साहित्य) हस्तांतराचा प्रमाणित करार, हा अन्न व शेतीसाठीच्या वनस्पती जनुकीय संसाधनांच्या आंतरराष्ट्रीय तहातून आला. तह 2001 मध्ये संमत झाला, 29 जून 2004 पासून लागू झाला आणि कराराचा मसुदा 2006 मध्ये ठरला. सोपी वाट मिळते ती तहाच्या पहिल्या परिशिष्टातल्या पिकांनाच: 35 अन्नपिकं आणि 29 चारापिकांच्या प्रजाती. त्यात ज्वारी, बाजरी, नाचणी, हरभरा, तूर आहेत. भुईमूग, सोयाबीन, ऊस, टोमॅटो, कांदा नाहीत. ही यादी शास्त्रज्ञांपेक्षा मुत्सद्द्यांनी केलेली आहे. सोयाबीन चीनने वाटाघाटीत अडवून धरलं म्हणून बाहेर राहिलं. तुरीची मात्र अख्खी कजानस प्रजाती आत आहे, त्यामुळे रानटी नमुन्यांचीही सोय झाली.

पीक यादीत असलं म्हणजे झालं, असंही नाही. नमुना शासनाच्या ताब्यातला आणि सार्वजनिक असायला हवा. बाजरीच्या ओळींमध्ये एक स्थानिक वाण गेल्या खरिपात एका सहकाऱ्याने शेतकऱ्याच्या शेतातून आणलेला होता. तो आमच्या शीतगृहात आहे एवढ्यावर तो बहुपक्षीय व्यवस्थेत, म्हणजे तहाखालच्या सामायिक देवाणघेवाणीत, जात नाही. कुठून, कोणाकडून, कधी आणि कोणत्या अटीवर आला हे पासपोर्ट नोंदीत हवं. तिथे गावाच्या नावापलीकडे काही नव्हतं. ती ओळ काढली.

खरी गंमत प्रकल्प-प्रस्तावात होती. सातव्या पानावर एक साधं वाक्य: गोड ज्वारीच्या ताटांतल्या रसापासून इथेनॉलचा उतारा किती येतो हेही तपासलं जाईल. कराराचं कलम 6.1 म्हणतं की साहित्य अन्न आणि शेतीसाठीचं संशोधन, पैदास आणि प्रशिक्षण यांसाठीच वापरायचं. रासायनिक, औषधी किंवा अन्न-चाऱ्याव्यतिरिक्त औद्योगिक उपयोग चालत नाही. म्हणजे पीक यादीत, नमुना सरकारी, आणि तरी त्या एका वाक्यामुळे ज्वारी गेली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या दारात. डिसेंबर 2014 च्या केंद्राच्या अधिसूचनेने परिशिष्टातल्या पिकांना जैवविविधता कायद्याच्या कलम 3 आणि 4 मधून, म्हणजे परदेशी व्यक्ती-संस्थांसाठीच्या पूर्वपरवानगीतून, सूट दिली आहे, पण तहाने सांगितलेल्या कामापुरतीच.

तिकडून लगेच उत्तर आलं: मग वाक्य काढून टाकतो. तसं करून भागत नाही. प्रस्तावातून वाक्य गेलं आणि प्रयोग राहिला तर करारभंग तो करारभंगच, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेला त्रयस्थ लाभार्थी म्हणून त्यात दाद मागता येते. शेवटी दोन प्रकल्प केले. मुळांचं काम एसएमटीएवर आणि इथेनॉलचं वेगळ्या अर्जावर, वेगळ्या पाकिटांतल्या बियाण्यावर. पहिल्या पाकिटातली ज्वारी दुसऱ्या कामाला वापरता येणार नाही, हे लेखी घेतलं.

मग त्यांच्या कायदा विभागाने करार परत पाठवला, लाल खुणांनी रंगवून. लवादाचं कलम खोडलेलं, पैशांच्या कलमात ‘वाटाघाटीने’ असं घातलेलं. एसएमटीएत शब्द बदलता येत नाही; भरायची असतात ती पक्षांची नावं आणि नमुन्यांची यादी. घ्या किंवा सोडा. पैशांची भीतीही फुकाची असते. या करारान्वये, तयार झालेल्या वाणावर इतरांना पुढच्या संशोधनासाठी आणि पैदाशीसाठी बंधन घातलं तरच विक्रीच्या 1.1 टक्क्यातून 30 टक्के वजा करून, म्हणजे 0.77 टक्के, द्यावे लागतात. वाण मोकळा ठेवला तर देणं ऐच्छिक. पेटंटबाबतची बंदी ‘मिळालं त्या स्वरूपातल्या’ साहित्यापुरती आहे, आणि त्या शब्दांचा अर्थ कुठवर ताणायचा यावर वाद अजून चालू आहेत.

भुईमुगाचं उत्तर त्यांना सर्वांत विचित्र वाटलं. आमच्या पाकिटातला भुईमूग हवा तर प्राधिकरणाची पूर्वपरवानगी, लाभवाटपाच्या अटी, आणि जनुकीय संसाधनांच्या वापरावरच्या युरोपच्या 511/2014 नियमाखाली त्यांना 20 वर्षं जपावी लागणारी कागदपत्रं. पण हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेची जनुकपेढी आहे. तिथे तहाच्या कलम 15 खाली विश्वस्त म्हणून सांभाळलेले भुईमुगाचे नमुने आहेत आणि परिशिष्टाबाहेरचं हे पीकही ते एसएमटीएवरच देतात. एकाच जिल्ह्यातून गोळा झालेला एकाच जातीचा दाणा दोन पेढ्यांत असेल तर दोन वेगळे कायदे लागू होतात. नुसता डीएनए पाठवून हे टळेल का, असंही त्यांनी विचारलं. टळत नाही, आपल्या कायद्यात जनुकीय सामग्रीही जैविक संसाधनातच मोजली जाते.

कागद जुळल्यावर बियाण्याकडे वळलो. शीतगृहातलं अॅल्युमिनियमचं पाकीट बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचं नसतं, नाहीतर थंड दाण्यांवर हवेतलं बाष्प जमतं आणि 5-6 टक्क्यांवर आणलेला ओलावा वाढतो. प्रत्येकी शंभर दाणे मोजले. हरभऱ्याला तेवढ्याला पंधरा-वीस ग्रॅम लागतात, बाजरीला जेमतेम एक. कडधान्याच्या दाण्यात बाहेरून न दिसणारी भुंग्याची अळी असते, म्हणून एक्स-रे. बाजरीत अरगट या बुरशीजन्य रोगाचे काळे कण एकेक पाहून काढायचे. मातीचा खडाही चालत नाही.

अडकला तो हरभरा. त्यांच्या आयात परवान्यात जादा जाहीरनामा मागितला होता: उभ्या पिकाची रोगांसाठी पाहणी झालेली असावी. शीतगृहातल्या दाण्याला मागच्या तारखेची पाहणी कशी दाखवणार? म्हणून परवाना आधी मागवावा आणि मगच नमुने निवडावेत. लोक नेमकं उलट करतात. दिल्लीच्या पुसा परिसरातल्या राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्युरोमार्फत फायटोसॅनिटरी, म्हणजे रोग-किडींपासून मुक्त असल्याचं, प्रमाणपत्र घेऊन ज्वारी, बाजरी आणि तूर गेली. हरभरा आम्ही रब्बीत पुन्हा पेरणार आहोत, फुलोऱ्यात आणि घाटे भरताना पाहणीची तारीख ठरवून. भुईमुगाची मागणी त्यांनी पाटणचेरूला नोंदवली आहे. सोयाबीन त्यांनीच यादीतून काढलं.